मोटारवाला माणूस गरीब असतो का?

परवा परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी जगाचा नकाशा लावला. मी म्हणाले, "गुरुजी, अमेरिकेत गरीब नसतात ना? तिकडं सगळ्यांकडं मोटारी असतात." गुरुजी म्हणाले, "मोटार असलेले लोकसुद्धा गरीब असतात." सगळा वर्ग हसला. मग गुरुजींनी आम्हांला समजावून सांगितले. मला जेवढे कळले तेवढे मी इथे लिहिते.

गरीब कोण हे ठरवायला एक रेषा धरतात. तिला दारिद्र्यरेषा म्हणतात. जागतिक बँकेने 2025 साली जगातल्या अगदी गरीब माणसांसाठी माणशी दिवसाला 3 डॉलरची रेषा धरली. अमेरिकेची स्वतःची रेषा निराळी आहे. तिथे बहुतेक राज्यांत 2025 साली चार माणसांच्या घराला वर्षाला 32,150 डॉलर धरले होते. गुरुजींनी फळ्यावर भागाकार केला. माणशी दिवसाला 22 डॉलर आले. म्हणजे सातपटीहून जास्त! मग 22 डॉलरवाला गरीब कसा?

त्याचे कारण असे, की माणूस जिथे राहतो तिथला खर्च त्याला करावाच लागतो. अमेरिकेत पुष्कळ गावांत आपल्या एस.टी.सारखी गाडी जात नाही. मोटार नसली तर कामावर जाता येत नाही. म्हणून ती चैनीची वस्तू नाही. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. तिथे शेकोटीवर भागत नाही. घर गरम ठेवायला गॅस नाहीतर वीज लागते. तिचे बिल येते. घरभाडेही फार असते.

आमचे घर मातीचे आहे, पण आमचेच आहे. भाडे नाही. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळते. पीठ संपले तर शेजारच्या काकू वाटीभर उसने देतात. पण म्हणून आपली गरिबी सोपी आहे असे नाही. तिकडे बहुतेक गरीब घरांतही नळ असतो. आमची आई उन्हाळ्यात दोन हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जाते. पाऊस लांबला की बाबांची मजुरी बंद होते. घरात कोणी आजारी पडले तर मात्र दोन्हीकडे कर्ज होते.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचे विद्वान अ‍ॅडम स्मिथ यांनी 1776 साली एका पुस्तकात लिहिले, की इंग्लंडमध्ये गरिबातल्या गरिबालाही कातडी बुटांशिवाय चारचौघांत जायची लाज वाटते. फ्रान्समध्ये मात्र गरीब लोक लाकडी बूट घालून किंवा अनवाणीही हिंडतात, त्यांना कोणी नावे ठेवत नाही.

हे ऐकून मला आमची आजी आठवली. आजी अनवाणीच शाळेत जायची. तेव्हा सगळीच मुले अनवाणी असायची, म्हणून तिला काही वाटायचे नाही. माझी चप्पल आषाढात तुटली तेव्हा मी दोन दिवस शाळेत आले नाही. पोट दुखते असे सांगितले. ते खोटे होते.

अमेरिकेत शाळेच्या जेवणाचेही तसेच आहे. बऱ्याच शाळांत गरीब मुलांना फुकट, बाकीच्यांना पैसे. पैसे थकले तर काही शाळांत त्या मुलाला गरम जेवणाऐवजी थंड पाव-चीज देत. सगळ्या वर्गाला कळायचे. म्हणून कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी 2022 पासून सगळ्याच मुलांना फुकट जेवण सुरू केले.

आमच्या शाळेत सगळ्यांना एकाच पातेल्यातली खिचडी मिळते. पंगतीत कोण गरीब ते ओळखू येत नाही. चपला मात्र वर्गाच्या दारात दिसतात. म्हणून माझे सगळ्यांना सांगणे आहे, की कोणाची चप्पल तुटकी असली किंवा नसलीच तरी हसू नका. मीसुद्धा आता चप्पल तुटली तरी शाळा बुडवणार नाही.