स्नायूंतली ओल

‘अंगात त्राण नाही’ असं आपण म्हणतो आणि वय, वात, रक्त कमी, यांपैकी काहीतरी कारण ठरवून मोकळे होतो. माझ्या थोरल्या बहिणीलाही, म्हणजे आमच्या आपाला, शेजारपाजारच्यांनी हेच सांगितलं. पण तिचं दुखणं निराळं होतं. सजद्यातून उठवेना, म्हणून खुर्चीवर बसून नमाज सुरू झाली. वेणी घालायला हात वर जाईना. डब्याचं घट्ट झाकण मात्र ती सहज उघडे! मांड्या आणि दंड आधी थकतात, पंजे बहुधा मागाहून, ही या आजाराची खूण.

आजाराचं नाव मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह. शरीराची राखण करणारी फौजच स्नायूंवर उलटते. त्वचेवरही चट्टे उठले तर त्याला डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात. ‘दंगल’मधली छोटी बबिता, सुहानी भटनागर, फेब्रुवारी २०२४ मध्ये अवघ्या १९व्या वर्षी गेली, तेव्हा हे नाव बातम्यांत आलं होतं.

स्नायूंची नासधूस झाली की रक्तात सीपीके वाढतं. पण दाह नेमका कुठे आहे, हे रक्त सांगत नाही. ते एमआरआय सांगतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, डॉक्टरांनी समजावलं तेवढंच सांगतो. शरीरात पाणी आणि पाण्यात हायड्रोजन. मोठ्या चुंबकात निजवून त्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि परत येणारा संदेश टिपायचा. १.५ टेस्लाच्या यंत्रात या लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे तुमच्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली. क्ष-किरण यात नाहीत. या पद्धतीसाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंतींना पावसाळ्यात ओल चढते. ओल आहे तोवर इलाज होतो. पोपडे सुटून माती गळाली, की गळती थांबवूनही ती माती परत येत नाही. स्नायूंचंही तसंच. एका प्रकारच्या चित्रात चरबीची चमक दाबून टाकतात आणि सुजेचं पाणी पांढरं उजळतं. ही ओल, ती औषधाने हटू शकते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात चरबी उजळ दिसते. स्नायू झिजून तिथे चरबी भरली असेल, तर ते गेलेलं मांस औषधाने येत नाही. दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो, म्हणून बायप्सीचा तुकडा कुठून घ्यायचा, हेही या चित्रावरून ठरवता येतं.

खरी कसोटी पुढे लागते. स्टेरॉईड सुरू होऊन काही महिने झाले आणि आपाचे पाय पुन्हा लुळावले. आजार उलटला असेल तर डोस वाढवायचा. पण जास्त दिवसांच्या स्टेरॉईडनेही मांड्या दुबळ्या होतात, मग डोस कमी करायचा. वरून बघता दोन्ही सारखंच! सीपीके वाढलेलं नव्हतं, एमआरआयमध्ये ओल नव्हती. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. घरच्या घरी गोळी बंद करणं मात्र धोक्याचं, हे सांगितलंच पाहिजे.

सोनोग्राफी स्वस्त, पण ती करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून. छातीचा सीटी फुप्फुसांसाठी, कारण हा दाह तिथेही पोचतो. मोठ्या माणसांच्या डर्मॅटोमायोसायटिसमागे कधी कधी कर्करोग दडलेला असतो, तो शोधायला काहींना पेट-सीटी सांगतात. लहान मुलांत कातडीखाली चुन्याच्या गाठी होतात, त्या साध्या एक्स-रेतही दिसतात.

एमआरआयला जाताना पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगा. यंत्र ठणठणाट करतं, निश्चल पडून राहावं लागतं. आणि फिल्म गादीखाली दुमडून टाकू नका. तारीख लिहून, सीडीसकट जपा. पुढच्या वेळी डॉक्टर आधी जुनी मागतात, कारण ओल वाढली की ओसरली, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.