‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होतात?’

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोनाबाधित पुण्यात आढळले. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेले ते दांपत्य होते. सहलीत ४० जण होते आणि त्यांतले काही आपल्या यवतमाळचे. सहप्रवाशांच्या यादीवरून त्यांचा शोध लागला आणि मार्चच्या मध्यास यवतमाळातही रुग्ण निघाले.

त्या दिवसांतल्या सरकारी सूचना तारखेनुसार लावून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्या देशांतून येणाऱ्यांना विलगीकरण सक्तीचे होते, त्यांत चीन, इटली, इराण, कोरिया अशी नावे होती. संयुक्त अरब अमिरातीचे नाव लागू झाले १८ मार्चपासून. म्हणजे आजार आपल्या गावात आला तेव्हा दुबई यादीत नव्हतीच. यात नवल नाही. रुग्ण सापडल्यावरच यादी वाढते, त्यामुळे ती आजाराच्या मागेच चालते.

म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांची पहिली तयारी यंत्रसामग्रीची नाही, एका प्रश्नाची आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारावे : गेल्या २१ दिवसांत तुम्ही कुठे गेला होतात? घरी बाहेरदेशाहून कोणी आले का? विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मर्समध्ये २ ते १४ दिवस जातात, इबोलात २ ते २१. तीन आठवड्यांचा हिशेब त्यासाठी.

पण नुसते विचारून भागत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेला एक रुग्ण ताप घेऊन अमेरिकेतील डॅलसच्या रुग्णालयात गेला. आपण आफ्रिकेहून आल्याचे त्याने परिचारिकेला सांगितले होते. तरीही त्याला प्रतिजैविके देऊन घरी पाठवले गेले. तीन दिवसांनी तो परत आला, तो इबोला निघाला. रुग्ण दगावला आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. तेव्हा उत्तर केसपेपरवर सर्वांत वर, ठळक लिहिले पाहिजे.

संशय आला तर पुढचा क्रम सोपा आहे. रुग्णाला मास्क द्यावा, खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत बसवावे, जवळ एकच कर्मचारी मास्क-हातमोजे घालून ठेवावा. विनाकारण रक्त काढू नये. एसटीने यवतमाळला जा, असे सांगू नये. आधी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करावा. नमुना कसा घ्यायचा, कुठे पाठवायचा आणि रुग्ण कसा न्यायचा, ते त्यांच्याकडून ठरते.

दिवाळीला परदेशी गेलेली मुले घरी येतात. याच दिवसांत आपल्याकडे डेंग्यू-मलेरियाचा तापही असतो, त्यामुळे वेगळा ताप त्यात सहज लपतो. मात्र प्रश्न दरडावून विचारू नये. २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांकडे लोक कसे पाहत होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याला वाळीत पडण्याची भीती वाटते, तो प्रवास लपवतो. मग केसपेपरवर खरे काही लिहिलेच जात नाही.