सुट्टीत पुन्हा एकदा ‘बनवाबनवी’

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी ‘अशी ही बनवाबनवी’ लागतोच. सिनेमा १९८८ चा, पण संवाद मुलांनाही पाठ. पुढे काय होणार हे ठाऊक असतं, म्हणून जिवाला घोर नसतो. पुण्यात खोली मिळावी म्हणून चौघा मित्रांतले दोघे बायकांचं सोंग घेतात. खोली मागताना ज्यांना आधी आडनाव विचारलं गेलंय, त्यांना ही गंमत जरा जास्तच कळते.

बाबांना मधुमेह निघाला त्या वर्षी सुट्टीत ते कुणाशी धड बोलत नव्हते. गोळ्या उशाशी तशाच पडलेल्या. सिनेमात सुधीर जोशींचे घरमालक मधुमेहाच्या परदेशी औषधासाठी दिलेले सत्तर रुपये मागतात आणि अशोक सराफ थाप मारतात, तिथे बाबा खळखळून हसले. म्हणाले, “माझं औषध तरी इथंच मिळतं.” इंजेक्शनची धास्ती त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा बोलून दाखवली. सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

हसण्याने साखर उतरते असं नव्हे. गोळी ती गोळीच. पण आता आम्ही मध्यंतरात जेवतो आणि पंधरा मिनिटं गल्लीत चालून येतो. जेवणानंतरचं चालणं साखरेला आवर घालतं. फरसाणाऐवजी भाजलेले चणे.

उदासी दोन आठवडे हटलीच नाही, तर मात्र सिनेमावर भागवू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

यंदा बाबांना ‘चुपके चुपके’ हवाय. मुलं तयार नाहीत.