काचपेटीतील सूर्य

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. परंतु लोणारचे खारे सरोवर तेथील सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा तो रंग पाण्याचा नसून त्यात वाढलेल्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे, असे आढळून आले. समुद्रातील पोवळ्याची हकीकतही काहीशी अशीच आहे.

पोवळे म्हणजे वनस्पती नव्हे आणि नुसता दगडही नव्हे. ती इवल्या प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या पारदर्शक देहात अतिसूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. भाडेकरू मात्र मोठा दिलदार! प्रकाशात तो जे अन्न तयार करतो, त्यातील बराचसा भाग घरधन्याला देतो. पोवळ्याचा तपकिरी रंगही त्याचाच. (दागिन्यांतील तांबडे पोवळे निराळे. ते अंधुक पाण्यात वाढते आणि त्याच्या देहात शैवाल नसते.)

म्हणून घरातील लहानशा काचपेटीत पोवळी जगवावयाची, तर प्रथम दिव्याचा विचार करावा लागतो. समुद्राचे पाणी सूर्यकिरणांतील तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा रंग सर्वांत खोल जातो. युगानुयुगे अशा उजेडात वाढलेल्या शैवालाला निळसर पांढरा दिवाच मानवतो. त्यासाठी आता एलईडी दिवे वापरतात. पूर्वीचे मेटल हॅलाइड दिवे पाणी फार तापवीत. लहान पेटीत पाणी थोडे, त्यामुळे ते लवकर तापते. आणि पोवळ्याला पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी सुखाचे वाटते. पेटी खिडकीत ठेवून फुकटचे ऊन घ्यावे, असे कोणास वाटेल. पण त्याने पाणी तर तापतेच, शिवाय काचेवर नको ते शेवाळ माजते.

सर्वच पोवळ्यांची भूक सारखी नसते. मऊ देहाची कित्येक पोवळी पेटीच्या तळाशी मंद उजेडातही जगतात. फांद्याफांद्यांच्या दगडी पोवळ्यांना त्याच्या कित्येक पट प्रखर प्रकाश लागतो. उजेड कमी पडला, तर पोवळे हळूहळू उपाशी मरते. उतावळा मनुष्य म्हणून दिवा एकदम प्रखर करतो आणि तेथेच फसतो! अतितीव्र प्रकाशात शैवालाचे अन्ननिर्मितीचे कार्य बिघडून घातक द्रव्ये निर्माण होतात. मग पोवळे आपल्या भाडेकरूलाच बाहेर घालविते आणि आतील पांढरा सांगाडा दिसू लागतो. याकरिता जाणते लोक नवा दिवा आरंभी मंद ठेवून काही आठवड्यांत वाढवीत नेतात. आणि आठ-दहा तासांनंतर पेटीत रात्र होऊ देतात.

समुद्राचे पाणी फार तापले, तरी पोवळी अशीच पांढरी पडतात. ही विपत्ती पेटीतल्याहून फार मोठी. कारण तेथे दिवा मंद करणारा कोणी नसतो. भारतात दगडी पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे. ती समुद्रातून तोडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. ज्यांना ती पाहावयाची असतील, त्यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यात जावे. तेथे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. पावसाळा सरून गाळ खाली बसला आणि पाणी निवळले, की तेथील खडकांवरची पोवळी दिसू लागतात.