ऑगमेंटेड सेव्हन: एका बोटाची करामत 🎸

साध्या सेव्हन्थ कॉर्डमध्ये सा, ग, प, कोमल नि असतात. पंचम अर्धा स्वर वर चढवून कोमल ध केला की झाली ऑगमेंटेड सेव्हन!

ई ऑगमेंटेड सेव्हन अशी धरा (जाड तारेपासून):
६वी: मोकळी
५वी: बंद
४थी: मोकळी
३री: १ला फ्रेट
२री: १ला फ्रेट
१ली: मोकळी

आता ए मेजर वाजवा. दुसऱ्या तारेवरचा सी अर्धा स्वर चढून सी शार्पवर जातो, तिसरीवरचा जी शार्प ए वर. ताण सुटल्याचं लगेच कळतं.

ब्लूजमध्ये शेवटच्या बारला साध्या सेव्हन्थच्या जागी ही टाकून बघा. बीटल्सच्या ‘ओह! डार्लिंग’ची (१९६९) सुरुवात हिच्याच तीन स्वरांच्या बहिणीने, ई ऑगमेंटेडने होते.