मेजर टेलरचे सिडनी

लष्करी अंमलदारांनी फावल्या वेळी काढलेली शहरांची जलरंगी चित्रे कलेच्या इतिहासात दुय्यम मानली गेली असली, तरी एखाद्या नव्या वसाहतीचे बाल्य डोळ्यांपुढे उभे करावयाचे असेल, तर सरकारी दफ्तरांतील खलित्यांच्या जोडीला ही चित्रे घेतल्यावाचून गत्यंतर नसते. ब्रिटिशांच्या अठ्ठेचाळिसाव्या पायदळ पलटणीबरोबर १८१७ साली ऑस्ट्रेलियात तैनात झालेल्या मेजर जेम्स टेलर याने १८२१ च्या सुमारास टिपलेला सिडनीचा विस्तीर्ण देखावा हे याचे उत्तम उदाहरण होय.

लष्करी माणसाच्या हाती कुंचला आला तो केवळ हौसेपोटी नव्हे. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी मुलखाची उंचसखल जमीन, पाण्याचे वळण आणि तटाचा कोपरा कागदावर अचूक उतरविणे हा युद्धविद्येचाच भाग होता. वूलिच येथील लष्करी विद्यालयात तर पॉल सँडबी याच्यासारखा नामांकित चित्रकार १७६८ पासून चित्रकलेचा शिक्षक होता. पुढे जलरंगांच्या कोरड्या वड्या तयार मिळू लागल्या, पाण्याचा पेला आणि लहानशी पेटी एवढ्यावर काम भागू लागले, आणि ही विद्या मुक्कामामुक्कामांवर पलटणींबरोबर हिंडू लागली. आपल्याकडे मुंबईच्या फौजेतील कॅप्टन ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातील स्थळांचा जो चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध केला, तो याच परंपरेतला.

टेलरने शहराकडे पाहिले ते लष्करी इस्पितळाजवळच्या उंचवट्यावरून. तेथून घरांच्या उतरत्या रांगा, पवनचक्क्या, बंदरात नांगरलेली गलबते आणि क्षितिजावरील निळसर डोंगर एका दृष्टिक्षेपात सामावतात. त्याच्या चित्रांवरून लंडनच्या रॉबर्ट हॅवेल यांनी १८२३ मध्ये तीन फलक मुद्रित केले. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तो आम्लात बुडवावा, म्हणजे पत्र्यावर सूक्ष्म खरखरीतपणा येऊन शाईच्या फिकट-गडद छटा उमटतात, आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवावी, अशी ती रीत होती. फलक शेजारी शेजारी लावले असता देखावा सलग होतो. दूरदेशीची शहरे अशा सलग दृश्यांत पाहण्याचे लंडनकरांना त्या काळी मोठे वेड होते.

चित्रातील सिडनी नीटनेटके, सुखवस्तू आणि निर्धास्त दिसते, आणि ते तसे दिसण्याला त्या क्षणी राजकीय महत्त्व होते. गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी याने १८१० पासून बारा वर्षांच्या अंमलात या कैद्यांच्या वसाहतीला शहराची कळा आणली. हा मॅक्वारी पूर्वी मुंबईत सैन्यात होता, १७९३ साली तेथेच त्याचा विवाह झाला, आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातही तो हजर होता. सिडनीतील त्याच्या अनेक इमारतींचे आराखडे फ्रान्सिस ग्रीनवे याने केले, जो स्वतः खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्यासाठी हद्दपार होऊन आलेला वास्तुशिल्पी होता. परंतु विलायतेहून चौकशीसाठी धाडलेल्या जॉन टॉमस बिग याला या इमारतींवरील खर्च उधळपट्टीचा वाटला, आणि त्याचे प्रतिकूल अहवाल १८२२ व १८२३ मध्ये बाहेर पडले. म्हणजे हॅवेलचे फलक दुकानांत आले, त्याच सुमारास. ज्या इमारतींवर कागदोपत्री ठपका ठेवला जात होता, त्या या चित्रांत सूर्यप्रकाशात दिमाखाने उभ्या आहेत. टेलरने बाजू घेतली असे मी म्हणत नाही. पण त्याची चित्रे आपोआप मॅक्वारीची कैफियत होऊन बसली, हे मात्र खरे.

माझ्या मते या चित्रांचे वाचन दूरच्या निळाईकडून नव्हे, तर अग्रभागापासून करावे. तेथे कैदी वालुकाश्म फोडीत आहेत, आणि त्यांच्यामागे त्याच दगडाच्या भिंती उभ्या आहेत. शहर कोणाच्या श्रमांवर उभे राहिले, हे टेलरने लपविलेले नाही. इस्पितळाजवळ आजारातून उठलेले शिपाई विसावलेले आहेत. आणि एके ठिकाणी, झाडोऱ्याच्या बाजूस, या भूमीचे मूळ रहिवासी दिसतात. ज्या किनाऱ्यावर हे बंदर वसले तो गडिगल लोकांचा. १७८८ मध्ये कैद्यांची पहिली गलबते आली आणि दुसऱ्याच वर्षी देवीच्या साथीने गडिगलांपैकी असंख्य माणसे दगावली. टेलरच्या चित्रातील इमारती एकेक करून आज नावानिशी ओळखता येतात. बेनेलाँगच्या टोकावरील किल्ला तर पुढे पाडला गेला आणि आता तेथे सुप्रसिद्ध ऑपेरागृह आहे. त्या मूळ रहिवाशांच्या आकृती मात्र बिननावाच्या आहेत. वास्तविक त्या रहिवाशांपैकीच एक, दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर १८०२-०३ मध्ये संपूर्ण ऑस्ट्रेलियाला गलबतातून प्रदक्षिणा घालून आलेला बंगारी, ज्याचे स्वतंत्र व्यक्तिचित्र पुढे ऑगस्टस अर्ल याने रंगविले, तो याच काळात सिडनीच्या रस्त्यांवर साऱ्यांच्या परिचयाचा होता.