ओसरी काढण्याआधी

घरापुढे ओसरी असावी असे कोणाला वाटत नाही? आल्यागेल्याला बसायला जागा होते. पावसाळ्यात चपला, खुरपी, ओली घोंगडी बाहेरच राहतात. म्हाताऱ्या माणसाला टेकायला आडोसा मिळतो. सुगी झाली, हातात चार पैसे आले, की घरात बोलणे निघते, "यंदा पुढं ओसरी काढू या." गवंड्याला निरोप जातो. तो येतो, अंगणात उभा राहून चहा घेतो, "होऊन जाईल की" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडते.

इथेच चुकते. कुदळ पडण्याआधी दोन कामे व्हायला हवीत. आपल्याला काय हवे ते मोजून ठरवले पाहिजे. आणि गवंड्याशी काय ठरले ते कागदावर लिहिले पाहिजे.

हे मी ठेच लागून शिकलो. 2006 सालच्या उन्हाळ्यात मी माझ्या घरापुढे ओसरी काढायला घेतली. तेव्हा मी शाळेत हेडमास्तर होतो. रोज पोरांना सांगायचो, "ऐकाल ते लिहून ठेवा." पण गवंड्याशी मात्र सगळे तोंडीच बोललो. माणूस ओळखीचा, त्याची पोरे माझ्याच शाळेत. कागद कसा मागायचा? लाज वाटली. मजुरीतले निम्मे पैसे पहिल्याच दिवशी उचल म्हणून दिले. त्याने पायाचे चर खणले आणि तो दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला. मी निरोप धाडत राहिलो. मे गेला, जूनमध्ये पाऊस आला. चर पाण्याने भरले. माझे घर जुने, मातीच्या भिंतीचे. ते पाणी भिंतीच्या बुडात मुरले आणि एका रात्री पुढच्या भिंतीचा मोठा तुकडा खाली आला. त्या भिंतीलगत आईचे अंथरूण असायचे. त्या रात्री ती मधल्या घरात निजली होती, म्हणून वाचली.

पुढे गवंडी आला तो फरशीवरून तंटा झाला. तो म्हणे, मी फक्त जोत्याचे आणि पत्र्याचे बोललो. मी म्हणे, फरशी धरून बोललो. खरे सांगतो, कोण बरोबर होते ते आज मलाही नीट आठवत नाही. बहुधा दोघेही मनापासून बोलत होतो. तोंडी बोलणे ज्याला त्याला आपल्या सोयीचे आठवते.

आता दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या आळीत एक काकू आहेत. उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. 2019 साली त्यांनी ओसरी काढली. त्यांनी काय केले ते पाहू.

जागा आणि माप

काकूंनी आधी जागा पाहिली. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना नंबर 8 चा उतारा काढला आणि ओसरीसाठी परवानगीचे काय करावे लागते ते ग्रामसेवकांना विचारून घेतले. मग शेजाऱ्याला बोलावून दोरी धरली. कारण ओसरीच्या पत्र्याच्या पागोळ्या कोठे पडणार, हे ओसरी होण्याआधी बघायचे असते. पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणात पडू लागल्या, की तिथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालते.

माप ठरले 12 फूट लांब आणि 8 फूट रुंद. जोते जमिनीपासून 2 फूट उंच. घराचे जोते अडीच फुटांचे होते. ओसरी घरापेक्षा अर्धा फूट खालीच असावी, म्हणजे वाऱ्याने आलेले पावसाचे पाणी उंबरा ओलांडत नाही. फरशीलाही बाहेरच्या बाजूला ढाळ हवा. 8 फुटांत दीड इंच पुरतो.

आखणी सरळ आहे की तिरकी, हे कोणालाही तपासता येते. दोरीने एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांतले मोजा. दोन्ही मापे सारखी आली, तर चौकट बरोबर. 12 आणि 8 फुटांच्या ओसरीला हे माप 14 फूट 5 इंच येते.

पायाविषयी एकच गोष्ट, पण मोठी. आपल्याकडे काळी माती फार. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधले तर ओसरीही तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून काळी माती खणून काढायची आणि खाली कठीण मुरूम लागला की मगच पाया घ्यायचा. "दोन फूट खणू" असे ठरवू नये. "मुरूम लागेपर्यंत खणू" असे ठरवावे. घर जुने असेल तर त्याच्या भिंतीच्या अगदी बुडाशी चर नेऊ नये, आणि खणलेला चर पावसासाठी उघडा ठेवू नये. माझे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

जोत्यात मुरूम भरताना घाई करू नये. एका वेळी अर्धा फूट थर टाकावा, पाणी मारावे, धुम्मसाने ठोकावे, मग वरचा थर. एकदम भरला तर तो पुढे खचतो आणि वरची फरशी पोकळ वाजू लागते.

मुरूम, वाळू, खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार केला की घनफूट निघतात. काकूंच्या जोत्यात भिंतींच्या आत जागा होती 10 फूट लांब, 7 फूट रुंद, 2 फूट खोल. गुणाकार 140 घनफूट. ठोकल्यावर मुरूम दबतो, म्हणून त्यांनी पावणेदोन ब्रास धरला. ट्रॉली आली तेव्हा काकूंनी टेप लावली. आत 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि भर दीड फूट. म्हणजे 90 घनफूट. ड्रायव्हर म्हणत होता एक ब्रास. काकूंनी 90 चेच पैसे दिले. तो हसला, पण पैसे घेऊन गेला.

छप्पर आणि वारा

ओसरी तीन बाजूंनी उघडी असते. वारा खालून आत शिरतो आणि पत्रा वर उचलतो. घराचे छप्पर टिकते आणि ओसरीचे उडते, ते यामुळे. म्हणून खांब नुसते फरशीवर उभे करू नयेत. त्यांचे पाय खाली काँक्रीटमध्ये गाडले पाहिजेत. पत्रा आडव्या पाइपांना घट्ट आवळला पाहिजे. स्क्रू किंवा हुक पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात मारू नयेत, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. स्क्रूखाली रबरी वायसर हवाच.

8 फुटांच्या ओसरीला छपराचा उतार निदान दीड फूट द्यावा. पण त्याआधी घराच्या वळचणीची उंची मोजा. वरचे टोक वळचणीखाली गेले पाहिजे, आणि बाहेरच्या टोकाला माणसाचे डोके लागता कामा नये. दोन्ही जमत नसेल तर ओसरीची रुंदी कमी करा. काकूंना 10 फुटी पत्रे लागले. थोडा भाग वळचणीखाली गेला, बाकी बाहेर पुढे आला.

त्यांचे घर उत्तरमुखी. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून घालायला सुरुवात केली. असे केले की पश्चिमेचा पत्रा पूर्वेच्या पत्र्यावर चढतो आणि वाऱ्याचे पाणी सांध्यात घुसत नाही.

गवंडी कसा ठरवावा

काम देण्याच्या तीन तऱ्हा आहेत. रोजावर दिले, तर रोजची मजुरी मोजायची. काम सावकाश होते, आणि मालकाला उभे राहावे लागते. उक्ते दिले, तर सगळ्या कामाची मजुरी एकदाच ठरते, माल आपण आणतो. तिसरी तऱ्हा मालासकट. डोक्याला ताप नाही, पण सिमेंट किती पडले, गज कोणता घातला, हे आपल्याला कळत नाही. माझे मत विचाराल तर ओसरीसारख्या लहान कामाला उक्ते बरे.

काकूंनी सगळे काम एका कागदावर लिहिले आणि तोच कागद तीन गवंड्यांना दाखवला. तिसऱ्याने सर्वांत कमी आकडा सांगितला. काकूंनी कागदावर बोट ठेवून विचारले, "पायऱ्या आन्‌ फरशी यात धरल्यात का?" धरल्या नव्हत्या. एकच कागद सगळ्यांना दाखवला, की दर खरोखर कोणाचा कमी ते कळते. मग दुसऱ्या गवंड्याने आधी बांधलेल्या दोन ओसऱ्या त्या पाहून आल्या आणि तिथल्या बायकांना विचारून आल्या, पावसात गळते का, आणि माणूस काम अर्धे टाकून जातो का.

कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा गवंडी कुरकुरला. "कागद कशाला काकी? माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"भरवसा हाय म्हणून तर तुला बोलावलं," काकू म्हणाल्या. "माझं वय झालं बाबा. आठवत न्हाई. म्हणून लिवून ठेवते. आन्‌ उद्या मी म्हणाले, चार पायऱ्या ठरल्या हुत्या, तर तू काय दाखवशील?"

यावर तो गप्प झाला. त्यालाही पटले. मालक ऐनवेळी "हा कट्टाही करून दे, एवढं काय" म्हणतात आणि पैसे देत नाहीत, अशी खोड गावात पुष्कळांना आहे. कागद गवंड्यालाही राखतो.

त्यांचा कागद वहीच्या पानावर होता. त्यात असे लिहिले होते :

"तारीख 12 नोव्हेंबर 2019. घरापुढील ओसरी, 12 फूट लांब, 8 फूट रुंद. जोते 2 फूट. पाया कठीण मुरूम लागेपर्यंत. खांब 4, पाय काँक्रीटमध्ये. वर पत्रा. खाली शहाबादी फरशी, बाहेर दीड इंच ढाळ. पायऱ्या 3. माल मालकाचा. हत्यारे, घमेली, फळ्या गवंड्याच्या. पाणी मारणे मालकाकडे. मजुरी वेल्डिंग धरून 20,000 रुपये. काम 30 दिवसांत पुरे करणे. वाढीव काम निघाल्यास आधी दर ठरवून याच कागदावर लिहिणे."

खाली पैशांचे हप्ते. सुरुवातीला 3,000. जोते भरून झाल्यावर 6,000. पत्रा चढल्यावर 5,000. फरशी झाल्यावर 4,000. पहिला पाऊस पडून गळत नाही असे दिसल्यावर 2,000. दोन प्रती केल्या. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या. काकूंनी अंगठा लावला नाही. सही केली. सावकाश केली, पण केली.

शेवटच्या हप्त्यावर गवंडी म्हणाला होता, "पावसापत्तूर कोण थांबणार?" तेही खरेच. त्याच्या हाताखालच्या माणसांना बाजाराच्या दिवशी पैसे द्यावे लागतात. म्हणून काकूंनी मोठी रक्कम अडकवली नाही. 2,000 च ठेवली. उचल फार द्यायची नाही, आणि झालेल्या कामाचे पैसे अडवायचेही नाहीत. जो पैसे दिला तो दर वेळी तारखेसह कागदावर लिहून त्याची सही घेतली.

सिमेंट आणि पाणी

सिमेंटच्या गोणीवर अक्षरे असतात. ती वाचा. गोणी 50 किलोची असते. कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी सिमेंट भरले ते तिच्यावर छापलेले असते. वर्षाचे आठवडे 52. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नये, त्याचा जोर कमी होतो. गोणी ओल्या जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावी.

सिमेंट वाळून घट्ट होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. सिमेंट पाणी घेऊन घट्ट होते. लवकर वाळले तर ते कच्चे राहते आणि नखाने खरवडते. हल्ली बहुतेक गोण्यांत राख मिसळलेले सिमेंट येते. त्याला निदान दहा दिवस ओल हवी. काँक्रीटवर गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे. दिवसातून एकदा तांब्याभर शिंपडले म्हणजे झाले नाही. म्हणूनच काकूंनी दिवाळीनंतर काम धरले. तेव्हा विहिरीला पाणी असते. मे महिन्यात प्यायला पाणी नाही, तिथे काँक्रीटवर कोण ओतणार?

काम 30 ऐवजी 37 दिवसांत झाले. मध्ये गवंड्याच्या घरी आजारपण निघाले, ते त्याने येऊन सांगितले आणि काकूंनी कागदावर लिहिले. पुढे 2020 च्या जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस झाला. काकू कंदील घेऊन ओसरीत उभ्या राहिल्या. वळचणीजवळ एका जागी थेंब गळत होता. सकाळी गवंड्याला निरोप गेला. तो दुपारी आला, सैल झालेला स्क्रू काढून नवे वायसर घातले. आणखी एका पावसाची वाट पाहून काकूंनी त्याला 2,000 रुपये दिले आणि कागदाच्या शेवटी लिहिले, "हिशेब पुरा." खाली दोघांनी सह्या केल्या.